बिल्ड पास, मराठीत क्रॅश: स्ट्रिंग्ज.एक्सएमएलमधल्या एका ओळीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी एका छोट्या कंपनीचं अँड्रॉइड ॲप आहे. केंद्राचे सचिव सकाळ-संध्याकाळच्या पाळीला रांगेतल्या प्रत्येक उत्पादकाचा सभासद क्रमांक टाकतात, काट्यावरचे लिटर आणि मशीनवरचं फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि चरबीखेरीजचे घन पदार्थ) भरतात आणि सेव्ह दाबतात. नोंद फोनमधल्या डेटाबेसमध्ये जाते, स्क्रीनच्या तळाशी एक संदेश झळकतो, तोवर पुढच्या माणसाने कॅन पुढे सरकवलेली असते. दहा दिवसांचं बिल याच नोंदींवरून निघतं. ॲप सुरुवातीपासून इंग्रजीत होतं आणि सुरळीत चाललं होतं. मग सचिवांच्याच मागणीवरून मराठी आवृत्ती काढली आणि थोड्याच दिवसांत फोन सुरू झाले.

तक्रारी दोन तऱ्हेच्या होत्या. काहींचं म्हणणं, ॲप मध्येच बंद पडतं. काहींचं म्हणणं, दूध दुप्पट चढतंय. सपोर्टला बसलेल्या मुलाने पुण्यात आपल्या फोनवर नोंदी करून पाहिल्या, सगळं व्यवस्थित. "दादा, फोन एकदा बंद करून चालू करा," हे उत्तर दोन-तीन केंद्रांना मिळालं. एका सचिवांनी मात्र नेमकं निरीक्षण कळवलं: ज्यांच्याकडे गाय आणि म्हैस दोन्ही आहेत, त्यांच्याच नोंदीला हे होतं. मला बाहेरून बघायला बोलावलं तेव्हा माझ्या हातात हे वाक्य होतं, आणि निम्मं काम त्यानेच केलं.

अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरचा मजकूर प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या स्ट्रिंग्ज.एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतात, आणि कोड व अशा फाइली मिळून ॲप तयार करणं म्हणजे बिल्ड. पुढे कोडचे जे तुकडे येतात ते देवनागरीत उतरवले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये तिथे रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे असतात.

लॉगमध्ये एक्सएमएलचं नावही नव्हतं

क्रॅशच्या लॉगमध्ये इल्लीगल-फॉरमॅट-कन्व्हर्जन जातीचं एक्सेप्शन (चालता चालता आलेली त्रुटी) होतं आणि पुढे कारण: 'एफ' या रूपांतराला स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, दिली आहे. म्हणजे जिथे दशांश संख्या यायला हवी तिथे कुणाचं तरी नाव येऊन बसलं. खाली जावाच्या फॉरमॅटर क्लासच्या (साच्यात नावं-आकडे भरून वाक्य बनवणाऱ्या कोडच्या) ओळी, त्याखाली फाइलमधला मजकूर मागवणारी गेट-स्ट्रिंगची हाक, आणि त्याखाली कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेतली ती ओळ, जी संदेश तयार करते.

घरच्या डेव्हलपर मंडळींनी साहजिकच ती कोटलिनची ओळ धरून ठेवली होती. ओळ निर्दोष होती: पहिलं आर्ग्युमेंट (साच्यात भरायला दिलेली गोष्ट) उत्पादकाचं नाव, दुसरं लिटर. इंग्रजीत तीच ओळ महिनोन्‌महिने चालली होती. पण लॉगमध्ये एक्सएमएल फाइलचा उल्लेख येणार तरी कसा? बिल्ड होताना सगळ्या स्ट्रिंग्ज.एक्सएमएल फाइली एएपीटी२ नावाचं साधन संकलित करतं आणि त्यातला मजकूर रिसोर्सेसच्या एका बायनरी तक्त्यात जातो. ॲप चालताना फोनमध्ये ना ती फाइल असते, ना तिच्या ओळींचे क्रमांक. ज्या फाइलमध्ये चूक आहे तिचं नाव लॉगमध्ये येतच नाही, आणि ज्या फाइलचं नाव येतं तिच्यात चूक नसते. भाषांतराशी संबंधित क्रॅश शोधायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

आता गाय-म्हशीचा धागा. साधी नोंद झाली की ॲप "नोंद झाली" एवढंच म्हणतं. पण त्याच पाळीत त्याच सभासदाची दुसरी नोंद झाली, तर वेगळा संदेश येतो: नाव आणि पाळीतलं एकूण दूध. गायीचं वेगळं आणि म्हशीचं वेगळं घालणाऱ्यालाच हा संदेश दिसतो. ॲपची चाचणी करणाऱ्याने एका सभासदाची एकच नोंद करून पाहिली होती, तीही इंग्रजीत.

आणि दूध दुप्पट का? कारण संदेश दाखवण्याआधी नोंद डेटाबेसमध्ये गेलेली असायची. ॲप कोसळलं की सचिवांना वाटायचं नोंद राहिली. रांग उभी, लोक ताटकळलेले. त्यांनी ॲप उघडून तीच नोंद पुन्हा केली, पुन्हा कोसळलं, मग वैतागून वहीत लिहिलं. डेटाबेसमध्ये म्हशीचं दूध दोनदा. दोन्ही तक्रारी मुळात एकच होत्या.

ती ओळ

इंग्रजी फाइलमधली मूळ ओळ साधारण अशी: '%१$एस: %२$.१एफ लिटर्स इन धिस शिफ्ट'. टक्क्याच्या चिन्हापुढचा आकडा आणि डॉलर मिळून सांगतात की इथे कितवं आर्ग्युमेंट घ्यायचं. एस म्हणजे मजकूर, .१एफ म्हणजे एक दशांश स्थळ असलेली संख्या. वाक्यातली जागा बदलली तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून भाषांतराच्या फाइलीत हे क्रमांक फार मोलाचे. मराठीत लिटर आधी आणि नाव नंतर घ्यावंसं वाटतंच.

मराठी मजकूर आधी डेव्हलपरनीच ओढूनताणून केलेला होता, क्रमांकांसकट. मग तो एका अनुभवी भाषांतरकार मॅडमकडे सुधारायला गेला. गेला तो एक्सेलमध्ये: एका रकान्यात 'की' (त्या ओळीचं कोडमधलं नाव), दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात कच्चं मराठी. मॅडमनी फोन करून विचारलं होतं, की ही टक्क्याची चिन्हं काय आहेत. उत्तर मिळालं, "मॅडम, टक्क्याचं जे आहे ते तसंच राहू द्या." त्यांनी टक्का ठेवला. पण दुधाच्या हिशोबात डॉलर कुठून आला हे त्यांना कळेना; फाइल बनवताना कचरा आला असेल असं समजून त्यांनी '१$' आणि '२$' पुसले आणि वाक्य छान वळवलं: 'या पाळीत एकूण %.१एफ लिटर दूध %एस यांच्या नावे'. भाषा म्हणून पाहिलं तर आधीच्यापेक्षा कितीतरी चांगली ओळ. मॅडमचा यात काडीचाही दोष नाही. हे काय आहे ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

क्रमांक गेल्यावर फॉरमॅटर आर्ग्युमेंट ओळीने घेतो. पहिलं आर्ग्युमेंट नाव, ते '.१एफ'च्या वाट्याला आलं. तिथेच ॲप कोसळलं.

इथपर्यंत ऐकून कुणीही म्हणेल, की अशी ओळ बिल्डमधून जाते कशी? तर ती जात नव्हती.

बिल्डने अडवलं होतं

एक्सेलमधून आलेल्या मजकुरापासून फाइल तयार करायला तिथल्या एका नव्या डेव्हलपरने छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट प्रत्येक की घ्यायची, स्ट्रिंग टॅग (मजकुराभोवतीची एक्सएमएलची खूण) बनवायची, मजकूर आत भरायची. फाइल बनली, प्रोजेक्टमध्ये टाकली, बिल्ड चालवला, तर एएपीटी२ने दोन ओळींवर त्रुटी दिली. दोन्हींना शब्दशः एकच संदेश: या स्ट्रिंगमध्ये क्रमांक न दिलेले एकाहून जास्त प्लेसहोल्डर (नंतर भरायच्या जागा) आहेत; तुम्हाला 'फॉरमॅटेड=फॉल्स' हे अ‍ॅट्रिब्यूट घालायचं होतं का? (अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे टॅगच्या आत लिहिलेली जास्तीची माहिती.)

त्यातली पहिली ओळ जुनी ओळखीची होती: 'फॅट % आणि एसएनएफ % भरणे आवश्यक'. यात प्लेसहोल्डर नाहीतच, ही नुसती टक्क्याची चिन्हं आहेत. पण एएपीटी२ला ते कळत नाही. टक्का आणि त्यापुढे काहीतरी दिसलं की तो मोजतो. या ओळीला आधीपासून 'फॉरमॅटेड=फॉल्स' लावलेलं होतं आणि ते योग्यच होतं, कारण ही स्ट्रिंग कधी फॉरमॅटरकडे जात नाही. (इथे दोन टक्के लिहून चाललं नसतं. आर्ग्युमेंटशिवाय मागवलेली स्ट्रिंग फॉरमॅटरमधून जात नाही, त्यामुळे स्क्रीनवर दोन टक्के जसेच्या तसे दिसले असते.) नव्या स्क्रिप्टला अ‍ॅट्रिब्यूटं ठाऊक नव्हती, म्हणून ते गळून गेलं होतं. डेव्हलपरने जुनी फाइल उघडली, तिथे उपाय तयार मिळाला, तो परत लावला.

दुसरी ओळ आपली, पाळीतल्या एकूण दुधाची. संदेश तोच, म्हणून उपायही तोच. बिल्ड पास.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा क्षण हाच वाटतो. त्रुटीच्या संदेशात दोन गोष्टी होत्या, एक निदान आणि एक प्रश्नार्थक सूचना. निदान दोन्ही ओळींना लागू होतं. सूचना फक्त पहिलीला. पण घाईच्या वेळी संदेशातला शेवटचा अर्धा भागच वाचला जातो, आणि तोही आज्ञा म्हणून. त्यात फाइलमध्ये आधीपासून उदाहरण हजर. नव्या माणसाने आजूबाजूचं पाहून शिकावं असंच आपण सांगतो ना? त्याने तेच केलं. 'फॉरमॅटेड=फॉल्स'चा अर्थ इतकाच, की ही स्ट्रिंग फॉरमॅटसाठी नाही, सबब तपासू नकोस. फोनवर चालताना हे अ‍ॅट्रिब्यूट कुणालाही अडवत नाही. कोटलिनने आर्ग्युमेंटं दिली की फॉरमॅटर कामाला लागणारच.

एडिटरला हिरवं दिसतं म्हणजे काय दिसतं

अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप लिहायचा एडिटर) २०१३मध्ये जाहीर झाला तो इंटेलिजे आयडिया या एडिटरच्या पायावर, आणि एक्सएमएल हाताळण्याची त्याची ताकद तिथूनच आली. टॅग सुरू केला की बंद करणारा टॅग आपोआप येतो, अ‍ॅट्रिब्यूटची नावं सुचवली जातात, चूक झाली की लाल रेघ. याने माणसाला वाटू लागतं की एडिटर फाइलची जबाबदारी घेतोय. तो घेतो, पण किती?

एक्सएमएलचे नियम फार थोडे आणि फार कडक आहेत. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने १० फेब्रुवारी १९९८ला एक्सएमएल १.०ची शिफारस काढली तेव्हाच ठरलं, की रचना बिघडलेली असेल तर पार्सरने (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) अंदाज बांधायचा नाही, काम थांबवायचं. एचटीएमएलमध्ये ब्राउझर ज्या चुका पोटात घालतो त्या इथे चालत नाहीत. टॅग बंद हवा, अ‍ॅट्रिब्यूटला सरळ अवतरण हवं, नुसतं अँपरसँड चिन्ह नको. आपली ओळ या कसोटीला पूर्ण उतरते. पार्सरच्या दृष्टीने तिच्यात काही अक्षरं आहेत, बस.

दुसरी पातळी अँड्रॉइडच्या रिसोर्सची. तिथे नियम वेगळे: एकेरी अवतरणाआधी बॅकस्लॅश हवा, ओळीच्या सुरुवातीला ॲटचं चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह आलं तर त्याचा संदर्भ म्हणून अर्थ लागतो, प्लेसहोल्डर जास्त असतील तर क्रमांक हवेत. हे थोडं एडिटर बघतो, थोडं एएपीटी२. इथे ओळ अडली होती आणि तिला सोडून दिलं गेलं.

तिसरी पातळी फॉरमॅटरची. कोणतं आर्ग्युमेंट कोणत्या प्रकारचं, हे खरं फक्त त्यालाच कळतं, आणि तो जागा होतो सचिवांच्या फोनवर, सकाळच्या रांगेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मध्ये लिंट आहे, कोड न चालवता चुका शोधणारं साधन. भाषांतरांतल्या प्लेसहोल्डरची संख्या आणि प्रकार ताडून पाहणारे तपास त्यात आहेत. पण या प्रोजेक्टमध्ये लिंटच्या त्रुटीवर बिल्ड थांबू नये अशी सेटिंग फार पूर्वी कुणीतरी करून ठेवली होती, आणि अहवाल उघडण्याची पद्धत नव्हती. ज्या प्रोजेक्टमध्ये लिंटचे इशारे शेकड्यांत गेले, तिथे लिंट असून नसल्यासारखा. हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता आश्चर्य वाटत नाही.

रिव्ह्यूमध्ये का सुटलं

कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलांच्या संचाला, सहकाऱ्याचा रिव्ह्यू झाला होता. त्यात बदललेल्या ओळी लाल-हिरव्या दिसतात. रिव्ह्यू करणाऱ्याला मी विचारलं तर तो मोकळेपणाने म्हणाला, "सर, अख्खी फाइल लाल-हिरवी होती. काय वाचणार?"

खरंच तशी होती. जुन्या फाइलमध्ये चार स्पेसचं इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) होतं, स्क्रिप्टने दोन केलं. जुन्या ओळी लिनक्सच्या पद्धतीने संपायच्या. स्क्रिप्ट विंडोजवर चालली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर आलं. एक्सएमएलच्या पार्सरला याचं सोयरसुतक नाही, तो दोन्ही प्रकारच्या ओळी वाचताना एकसारख्याच करून घेतो. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या हिशेबी मात्र प्रत्येक ओळ बदलली. मी तोच डिफ (जुन्या-नव्यातला फरक) मोकळ्या जागा दुर्लक्षून, म्हणजे गिट डिफला 'डॅश डब्ल्यू' देऊन पाहिला. पडदाभर रंग ओसरला आणि मॅडमनी खरोखर सुधारलेल्या ओळी तेवढ्या उरल्या. त्यात आपली ओळ अशी उभी होती: डावीकडे दोन डॉलर, उजवीकडे एकही नाही आणि वर एक नवं अ‍ॅट्रिब्यूट. पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही खटकली असती.

म्हणून एक्सएमएल फाइलबाबत माझा आग्रह असतो, की मजकूर बदलणं आणि मांडणी बदलणं एका कमिटमध्ये कधी करू नये. आयडीईमध्ये, म्हणजे कोडच्या एडिटरमध्ये, कंट्रोल-ऑल्ट-एल दाबून सगळी फाइल नीटनेटकी करायचा मोह होतो, आणि एक्सएमएलमध्ये तो जास्तच, कारण फाइल दिसायला गबाळी असते. करायचंच तर वेगळ्या कमिटमध्ये, आणि संदेशात स्पष्ट लिहून.

फाइल चाळताना आणखी

मूळ कारण सापडल्यावर सगळी मराठी फाइल वरून खाली वाचली. मराठी वाचता येणाऱ्या प्रोग्रामरने हे काम एकदा तरी करावं. भाषांतरकार अ‍ॅट्रिब्यूट बघत नाही आणि प्रोग्रामर वाक्यं वाचत नाही, त्यामुळे फाइल पूर्ण अशी कुणीच वाचलेली नसते.

एका सूचनेत बटणाचं नाव दुहेरी अवतरणात होतं: "बिल काढा" दाबा. स्क्रीनवर अवतरण गायब. त्रुटी नाही, इशारा नाही. अँड्रॉइडच्या स्ट्रिंगमध्ये साधं दुहेरी अवतरण हे मजकुराचा भाग मानलं जात नाही. त्याचा उपयोग आतल्या मोकळ्या जागा जपण्यासाठी होतो आणि ते स्वतः काढून टाकलं जातं. आधी बॅकस्लॅश दिला तर ते दिसतं. किंवा सरळ वळणदार अवतरणं वापरावीत, मराठी छपाईत तीच शोभतात. फक्त ती अ‍ॅट्रिब्यूटभोवती येऊ देऊ नयेत. वर्ड प्रोसेसरमधून टॅगसकट मजकूर चिकटवला की नेमकं तेच होतं आणि पार्सर 'अवतरण अपेक्षित होतं' म्हणून अडून बसतो.

'लिटर' या लेबलाच्या शेवटी कुणीतरी मुद्दाम स्पेस ठेवली होती, पुढे कोडमधून आकडा जोडायचा म्हणून. अँड्रॉइड टोकाच्या मोकळ्या जागा काढून टाकतं, त्यामुळे स्क्रीनवर 'लिटर' आणि आकडा चिकटलेले. इथे स्पेस वाचवण्याच्या युक्त्या आहेत, पण खरा दोष तुकडे जोडून वाक्य बनवण्यात आहे. ते वाक्य प्लेसहोल्डर घालून एकसंध केलं.

जुन्या ओळी बंद करताना एकाने कॉमेंटमध्ये (प्रोग्रॅम दुर्लक्ष करतो अशा टिपेत) डॅशची लांबलचक रेघ मारून खाली 'जुने' असं लिहिलं होतं, पण ती फाइल त्याच्याच ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या प्रतीत) राहिली, कारण तिचा बिल्ड होईना. एक्सएमएलच्या कॉमेंटमध्ये दोन डॅश शेजारी शेजारी चालत नाहीत, आणि कॉमेंटच्या आत कॉमेंट तर नाहीच. कोटलिन-जावाची सवय असलेल्याला हे माहीत नसतं. खरं तर गिट असताना जुनी ओळ कॉमेंट करून ठेवायचीच कशाला?

सर्वांत गंमतशीर, आणि वेळीच हाती लागलं म्हणून गंमतशीर, ते आकड्यांचं. ओळ दुरुस्त करून फोन मराठीत ठेवून पाहिलं तर संदेशात '१२.५ लिटर' असे देवनागरी आकडे आले. ते बरोबरच होतं. गेट-स्ट्रिंग फोनच्या भाषेप्रमाणे आकडे मांडतं आणि मराठीसाठी ठरलेले आकडे देवनागरी. पण मग लक्षात आलं, की डेअरीला पाठवायची फाइल बनवणारं कोडही भाषा न सांगता त्याच फॉरमॅटरला हाक मारतं. मराठी फोनवरून ती फाइल काढली, तर आतही १२.५ देवनागरीत. डेअरीकडे फाइल वाचणारा प्रोग्रॅम जावातला. सभासद क्रमांक तिथे पूर्णांक म्हणून वाचला जातो, आणि जावाचं इंटिजर वाचणारं फंक्शन देवनागरी अंक विनातक्रार स्वीकारतं. लिटर दशांश म्हणून वाचले जातात, आणि डबल वाचणारं फंक्शन तेच अंक नाकारतं. म्हणजे एका ओळीतला पहिला रकाना पास, दुसऱ्यावर एक्सेप्शन. असं काही डेअरीच्या बाजूने कळवलं गेलं असतं तर किती जणांनी किती ठिकाणी शोधलं असतं, याची कल्पनाच केलेली बरी. माणसाला दाखवायचे आकडे त्याच्या भाषेत, मशीनला पाठवायचे आकडे लोकॅल (भाषा-प्रदेश) स्पष्ट सांगून, असं त्या कोडमध्ये सगळीकडे करून घेतलं.

काय बदललं

ती ओळ अशी झाली: 'या पाळीत एकूण %२$.१एफ लिटर दूध %१$एस यांच्या नावे'. मॅडमचं वाक्य जसंच्या तसं, क्रमांक परत, 'फॉरमॅटेड=फॉल्स' गेलं. फॅट-एसएनएफच्या ओळीवर ते राहिलं, आणि तिच्या डोक्यावर कारण सांगणारी एका ओळीची कॉमेंट आली.

प्लेसहोल्डर आता उघडे ठेवलेले नाहीत. प्रत्येकाभोवती एक्सएलआयएफएफचा 'जी' टॅग आहे, त्यात आयडी आणि उदाहरण: इथे उत्पादकाचं नाव येईल, इथे १२.५ येईल. एक्सएलआयएफएफ हे भाषांतराच्या देवाणघेवाणीसाठी ओएसिस संस्थेने ठरवलेलं प्रमाण. अँड्रॉइड त्यातला हा एवढाच टॅग उसना घेतं. फाइलच्या वरच्या रिसोर्सेस टॅगमध्ये त्याची नेमस्पेस जाहीर करावी लागते. ती विसरली की 'प्रीफिक्स बांधलेला नाही' असा संदेश येतो, आणि तो पाहून पुष्कळ लोक टॅगच काढून टाकतात. काढू नये. ॲप चालताना हा टॅग काही करत नाही, तो केवळ वाचणाऱ्या माणसासाठी आहे. या फाइलीत माणसासाठी इतकं थोडं असतं की हे तरी असावं.

एक्सेलची ये-जा थांबवा असं मी सुचवलं नाही. अँड्रॉइड स्टुडिओत ट्रान्सलेशन्स एडिटर नावाचा तक्ता आहे, कोणत्या की राहिल्या ते त्यात एका नजरेत कळतं, पण भाषांतरकाराला आयडीई बसवायला लावणं म्हणजे अति झालं, आणि लांब वाक्यं त्या छोट्या चौकटीत लिहिणं मलाही नकोसं होतं. त्याऐवजी स्क्रिप्ट बदलली. ती आता फाइल नव्याने लिहीत नाही. असलेली फाइल उघडते, की शोधते, आतला मजकूर तेवढा बदलते आणि अ‍ॅट्रिब्यूटांना हात लावत नाही. बदलण्याआधी इंग्रजी आणि मराठीतले प्लेसहोल्डर क्रमांकासकट ताडून बघते. जुळले नाहीत तर ती ओळ घेत नाही, आणि कोणती घेतली नाही ते सांगते. हीच तपासणी युनिट टेस्ट (आपोआप चालणारी चाचणी) म्हणूनही ठेवली आहे, म्हणजे कुणी हाताने फाइल बदलली तरी सुटणार नाही.

कोडसोबत ठेवायच्या नियमांच्या फाइलींत, म्हणजे इंडेंट आणि एन्कोडिंग एडिटरकॉन्फिगमध्ये, ओळींचा शेवट गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये बांधून टाकला. लिंटला पुन्हा दात दिले, पण सगळे एकदम नाही: फॉरमॅटशी संबंधित तपास त्रुटी म्हणून, बाकीचे इशारे आहेत तिथे. एका दिवसात शेकडो इशारे मिटवायला बसलं की लोक दुसऱ्या दिवशी सेटिंग पुन्हा बंद करतात. चाचणीचा एक फोन कायम मराठीत राहतो. अँड्रॉइड १३पासून एकाच ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे बाकीच्यांनाही आपला फोन न बदलता मराठी पाहता येतं.

दुप्पट नोंदींची सफाई हे काम एक्सएमएलपेक्षा जास्त वेळखाऊ निघालं. त्याच सभासदाची, त्याच पाळीतली, लिटर-फॅट-एसएनएफ तंतोतंत सारखे असलेली आणि काही मिनिटांच्या अंतराने झालेली नोंद संशयित म्हणून काढली. आपोआप एकही पुसली नाही. यादी त्या त्या सचिवांकडे गेली आणि त्यांनी वहीशी ताडून सांगितलं. दोन कॅन खरोखर सारख्या निघाल्याचीही प्रकरणं त्यात होती. आता सेव्ह करताना अशी सारखी नोंद दिसली तर ॲप विचारतं, "हीच नोंद आत्ता झाली आहे, पुन्हा करायची?" गर्दीच्या वेळी हा प्रश्न नको अशी काही सचिवांची कुरकुर आहे, तरी तो प्रश्न सध्या ठेवला आहे.

मॅडमच्या एक्सेलमध्ये आता उदाहरण भरलेल्या पूर्ण वाक्याचा एक रकाना असतो. त्यांनी आणखी एक मागितला: हा मजकूर स्क्रीनवर बटण म्हणून येतो की शीर्षक म्हणून, त्याचा स्क्रीनशॉट. नोंदीच्या आणि बिलाच्या स्क्रीनचे देऊन झाले, अहवालांचे बाकी आहेत.